गड्ड्यातलं पोर आणि आकाशातला डबा

(सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, गड्ड्यात, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, कुणाचं पोर हरवलं की होम मैदानावर माइकवरून काय पुकारतात ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. निळा शर्ट, पायात चप्पल नाही, नाव सांगता येत नाही. माझा छंद त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की माझं पोर म्हणजे एक चिमुकला उपग्रह, ते दहा सेंटिमीटरचं असतं, पाचशे किलोमीटर उंचावर असतं आणि सेकंदाला साडेसात किलोमीटर पळत असतं.

हे दहा सेंटिमीटरचं माप 1999 साली ठरलं. कॅलिफोर्नियातल्या दोन प्राध्यापकांनी, जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज यांनी, विद्यार्थ्यांना बनवता येईल असा घनाकृती उपग्रह आखला. त्याला क्यूबसॅट म्हणतात. आपल्या पुण्यात इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या सीओईपीच्या मुलांनी बनवलेला ‘स्वयम्’ याच घरातला, वजन साधारण एक किलो. 22 जून 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 यानाने तो वर नेला, आणि त्याच यानात आणखी एकोणीस उपग्रह होते. पुढच्या फेब्रुवारीत तर इस्रोने एका दमात 104 सोडले.

आता गंमत बघा. यान एकेकाला थोड्याथोड्या अंतराने सोडून देतं. खालून रडार ते सगळे ठिपके मोजतं, पण ठिपक्याच्या कपाळावर नाव नसतं. यादीत सुरुवातीला नोंद होते ‘ऑब्जेक्ट ए’, ‘ऑब्जेक्ट बी’ अशी. पहिले एक-दोन दिवस फारसं बिघडत नाही, सगळे एकाच घोळक्यात असतात, अँटेना ढोबळ धरली तरी चालते. मग घोळका पांगतो. चार वर्षं राबून उपग्रह बनवलेल्या मुलांना कळत नाही, की यातला आमचा कुठला!

डोळ्यांनी शोधायचं म्हणाल तर विसरा. अंतराळ स्थानक संध्याकाळी गच्चीवरून लख्ख दिसतं, जरूर बघा. पण क्यूबसॅट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याचा आवाज मात्र ऐकू येतो. बरेचसे छोटे उपग्रह 437 मेगाहर्ट्झच्या आसपास थोड्याथोड्या वेळाने आपलं नाव आणि बॅटरीची खबर पाठवत असतात, काही जण तर चक्क मोर्समध्ये, म्हणजे तारखात्याच्या त्या जुन्या टिंब-रेघांच्या भाषेत. म्हणजे पोर नाव सांगतंय, पण कुठून सांगतंय?

रेल्वे फाटकाशी उभे राहा. सिद्धेश्वर एक्सप्रेस शिट्टी वाजवत येते तेव्हा आवाज चढा असतो, समोरून गेली की एकदम उतरतो. उपग्रहाचंही तेच. येताना सिग्नल सुमारे दहा किलोहर्ट्झ वर लागतो, जाताना तितकाच खाली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ही रेघ वरून खाली उतरत जाते: आधी जवळजवळ सरळ, मग झरकन वळते, मग पुन्हा सरळ. जिथे ती सर्वांत वेगाने वळते तो क्षण उपग्रह आपल्याला सर्वांत जवळ असल्याचा. तो सेकंद टिपायचा आणि यादीतल्या प्रत्येक ठिपक्याच्या गणिताशी ताडून बघायचा. हा नाही, हाही नाही, हा असू शकेल.

इथे एक सांगून ठेवतो. वारंवारता नेमकी किती आली यावर विसंबू नका. स्वस्तातला डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला खोचायचा छोटा रिसीव्हर, तापला की त्यातला वारंवारता धरून ठेवणारा क्रिस्टल सरकतो, आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका. वळण बघा, आकडा नको.

ही युक्ती स्पुटनिक या जगातल्या पहिल्या उपग्रहाइतकी जुनी आहे. 1957 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या दोघांनी स्पुटनिकची बीप ऐकता ऐकता या उतरत्या रेघेवरून त्याची कक्षाच काढली. मग कुणीतरी उलटा प्रश्न विचारला: उपग्रह कुठे आहे हे माहीत असेल, तर ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल का? त्यातून जहाजांना नि पाणबुड्यांना वाट दाखवणारी ट्रान्झिट उपग्रह यंत्रणा आली. आज तुमच्या मोबाइलवर जो नकाशा चालतो, त्याचे हे थोरले चुलते.

आणि हे मोठ्या प्रयोगशाळांनीच करावं असंही नाही. इंग्लंडमध्ये केटरिंगच्या शाळेतले मास्तर जेफ्री पेरी आणि त्यांचे विद्यार्थी रशियन उपग्रह ऐकायचे. 1966 मध्ये त्यांच्या लक्षात आलं, की काही कॉसमॉस उपग्रहांच्या वाटा ते सोडण्याच्या नेहमीच्या तळाशी जुळत नाहीत. मागे मोजत गेले, तर रशियाने गुप्त ठेवलेला प्लेसेत्स्कचा तळ सापडला. शाळकरी पोरांनी, बरं का!

माझं दुकान टीव्ही दुरुस्तीचं. कॉम्प्युटरवर टीव्ही बघायचा एक डोंगल कुणी टाकून दिला होता, त्यातलीच चिप हल्ली रेडिओ म्हणून वापरतात. अँटेना घरीच केली: पीव्हीसी पाइप आणि स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे, सगळे तेहेतीस-चौतीस सेंटिमीटरच्या आसपास. पट्टी वाकली तरी परत ताठ होते, हा फायदा. उपग्रह गिरक्या घेत असतो, त्यामुळे आवाज मध्येच बुडतो. मग हातातली अँटेना मनगटातून हळूच आडवी-उभी फिरवायची, की तो पुन्हा वर येतो. ऐकायला एवढं पुरतं. बोलायचं असेल तर हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा द्या, परवाना घ्या, त्याशिवाय बटण दाबू नका.

उत्तर-दक्षिण फिरणारा उपग्रह ध्रुवाजवळच्या माणसाला प्रत्येक फेरीला भेटतो, दिवसाला पंधरा वेळा. आपण सतरा-अठरा अंशांवर. आपल्या वाट्याला सकाळी दोन-तीन, रात्री दोन-तीन. त्यातल्या निम्म्या क्षितिजाला घासून जातात. शिवाय आमचा भाग यंत्रमागांचा. मोटारी, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, सगळ्यांची खरखर पडद्यावर. एका रात्री गच्चीवर अँटेना धरून उभा होतो. शेजारच्या काकू कपडे काढायला आल्या, म्हणाल्या, “काय वो अण्णा, डिश बिघडली का?” तेवढ्यात लाइट गेली. सगळी गल्ली हळहळली आणि माझा पडदा स्वच्छ झाला! लॅपटॉप बॅटरीवर होता. परदेशातल्या एका कॉलेजचा उपग्रह, दोन दिवसांपूर्वीच सुटलेला, अकरा मिनिटं मोर्समध्ये नाव सांगत गेला.

रात्री दीडपर्यंत रेघ ताडली, ठिपका पक्का केला, त्या मुलांना ईमेल धाडलं. सकाळी दुकानात रेडिओवरच्या बातम्यांचे टोल पडले आणि लॅपटॉपकडे नजर गेली. घड्याळ अडतीस सेकंद पुढे! अडतीस सेकंद म्हणजे तिकडे जवळजवळ तीनशे किलोमीटर. मी मागून येणाऱ्या भलत्याच डब्याला त्यांचं नाव देऊन बसलो होतो. घड्याळ मिळवलं, दुसऱ्या रात्री परत गच्चीवर, परत गणित, माफीचं दुसरं ईमेल.

उत्तर आलं. आमचा कुठला ते आम्हाला कालच कळलं, तुमचं दुसरं उत्तर बरोबर आहे, असं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे कुणीतरी बाई काहीतरी विचारतायत, त्या काय म्हणतायत?