जाळ्यातली जाळी

(पडद्यावर: बंदरातल्या ओट्यावर पसरलेले ट्रॉल जाळे. त्याच्या गळ्यात शिवलेली लंबगोल स्टीलची जाळी.)

ट्रॉलचे, म्हणजे होडीमागून ओढायचे, जाळे जिथे निमुळते होत जाते, तिथे, खोल्याच्या (जाळ्याच्या टोकाच्या पिशवीच्या) थोडे अलीकडे, ही स्टीलची जाळी तिरकी बसवतात. गजांमधल्या फटींतून कोळंबी आणि बहुतेक मासळी पलीकडे जाऊन खोल्यात साठते. कासव मात्र गजांवर अडते, त्यांच्या उतारावरून सरकते आणि मुद्दाम ठेवलेल्या झापेतून बाहेर पडते. सागरी कासव पाण्यात राहत असले तरी श्वास फुप्फुसांनी घेते, त्यामुळे बराच वेळ ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात अडकले तर ते गुदमरते. या साधनाचे इंग्रजी नाव ‘टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस’ असे लांबलचक आहे. त्याच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘टेड’ म्हणतात.

(पडद्यावर: दोन गजांमध्ये मोजपट्टी धरणारा हात.)

या दोन गजांत चार इंचांहून जास्त अंतर असू नये, असा अमेरिकेचा नियम आहे. जाळी किती तिरकी असावी, झाप किती मोठी असावी, हेही ठरलेले आहे, आणि चाचणीत शंभरातली सत्त्याण्णव कासवे सुटली तरच साधन मान्य होते. अमेरिकेने आपल्या कोळंबी ट्रॉलरना टेडची सक्ती १९८७ साली केली. १९८९च्या कायद्याने तीच अट आयात कोळंबीला लागू झाली आणि १९९६पासून ती सर्व देशांपर्यंत पोहोचली. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड या चार देशांनी त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. १९९८च्या निकालात अमेरिकेने कायदा ज्या रीतीने राबवला तिच्यावर ठपका आला, पण कासवे वाचवण्याच्या हेतूवर नाही. २०१९ साली अमेरिकेने भारतातून समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली. तळ्यांत वाढवलेली कोळंबी त्यातून वगळली होती, म्हणून एकूण निर्यातीचे आकडे फारसे हलले नाहीत. फटका बसला तो ट्रॉलरवाल्यांना आणि बंदरावर कोळंबी सोलणाऱ्या बायकांना.

(पडद्यावर: जाळीचे गज जवळून, पाठोपाठ जेलीफिशने भरलेले जाळे.)

ही जाळी मुळात कासवांसाठी नव्हती. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या डॅरियन गावचे मच्छीमार सिंकी बून यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस जाळ्यात शिरणाऱ्या जेलीफिशला बाहेर काढण्यासाठी अशी जाळी घडवली. त्यांची अडचण साधी होती: जाळे जड होई, माल चेपला जाई आणि निवडण्यात वेळ जाई. कासवेही तिच्यातून सुटतात, हे नंतर उमगले, आणि शास्त्रज्ञांनी तिची मोजमापे घेऊन तिला नियमाच्या साच्यात बसवले. या माहितीपटासाठी साहित्य जमवताना आम्हाला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटली, कारण मच्छीमार आणि शास्त्रज्ञ यांच्या सहकार्याच्या संशोधनाचा आराखडा कुठून सुरू व्हावा याचे उत्तर तीत आहे.

(पडद्यावर: कोचीतील संस्थेच्या जाळेशाळेत आराखड्यावर वाकलेले तंत्रज्ञ.)

भारतात या कामाला लागणाऱ्या संस्था आहेत आणि त्या जुन्या आहेत. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ची. जाळी, होड्या आणि प्रक्रिया हा तिचा विषय, आणि टेडची भारतीय रचना तिचीच. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागरी संस्थेतल्या तज्ज्ञांशी चर्चा करून तिने ती सुधारलीही आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ची. कोणत्या किनाऱ्यावर काय आणि किती पकडले जाते याची नोंद ती बंदरोबंदरी ठेवते. निर्यातीची बाजू १९७२ साली स्थापन झालेले सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण सांभाळते, तर मुंबईच्या वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. पण किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियम राज्ये करतात. महाराष्ट्राचा तसा कायदा १९८१चा आहे. कोळंबी आयातीची मान्यता मात्र अमेरिका सहसा राज्याला देत नाही, देशाला देते. म्हणजे रत्नागिरीच्या ट्रॉलरवर टेड बसले आणि दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर ते कोपऱ्यात पडून राहिले, तर रत्नागिरीचीही कोळंबी अडते. म्हणून संशोधनाचा हा आराखडा एका संस्थेचा किंवा एका राज्याचा असून चालत नाही.

(पडद्यावर: गुहागरची वाळू. अंडी घालून समुद्राकडे परतणारी ऑलिव्ह रिडले मादी.)

कासवालाही राज्याच्या सीमा ठाऊक नाहीत. २०२१ साली ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या संशोधकांनी ज्या मादीच्या परावर ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावली होती, ती जानेवारी २०२५मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. त्याआधी २०२२ साली वेळास, आंजर्ले आणि गुहागर इथल्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली होती, आणि २०२३ साली गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. या मार्गांचा नकाशा आणि ट्रॉलर कोळंबीसाठी कुठे जातात त्याचा नकाशा एकावर एक ठेवले, तर कोणत्या महिन्यात आणि किती खोल पाण्यात कासव आणि जाळे समोरासमोर येतात हे कळू शकेल. टेडच्या चाचण्या तिथेच घ्यायला हव्यात.

(पडद्यावर: पावसाळी बंदी. ओढून ठेवलेल्या होड्या, ताडपत्रीखाली जाळी विणणारे हात.)

पश्चिम किनाऱ्यावर एक जून ते एकतीस जुलै, असे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि आराखडा करण्याचे दिवस हेच आहेत, कारण होडीचा प्रमुख, तांडेल, घरी असतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: माझा माल किती जाईल? तो रास्त आहे. जाळी फार उभी बसली तर कासव तिच्यावरून सरकत नाही आणि कचरा गजांत अडकतो. फार आडवी बसली तर पाण्याच्या ओघाबरोबर मासळीही झापेकडे ढकलली जाते. आणि खाडीच्या तोंडाशी, जिथे पावसानंतर प्लास्टिक आणि फांद्या वाहत येतात, तिथे गज तुंबले की कोळंबीच बाहेर जाते. आजवर असे प्रश्न बहुधा प्रात्यक्षिकाच्या दिवशी विचारले गेले, जेव्हा साधन तयार झालेले होते. ते आराखड्याच्या पहिल्या पानावर असले पाहिजेत.

(पडद्यावर: झापेवर आवरणजाळे शिवणारा तांडेल, शेजारी वही घेतलेली संशोधक.)

उत्तर मिळवण्याची रीत अवघड नाही. झापेच्या बाहेर बारीक आसाचे (छिद्रांचे) आणखी एक जाळे, म्हणजे आवरणजाळे, शिवले, की जे निसटते ते त्यात सापडते आणि तागडीवर मोजता येते. त्याच होडीने, त्याच पाण्यात, जाळ्याची एक फेरी टेडसह आणि एक टेडशिवाय घ्यायची; वजन तांडेलासमोर करायचे; आकडे तांडेल आणि संशोधक दोघांच्या वहीत लिहायचे. चाचणीच्या दिवसांचे डिझेल आणि बुडालेला माल यांचा खर्च कोणी सोसायचा, हे प्राधिकरण आणि राज्य यांनी आधीच कागदावर ठरवायचे, कारण तो होडीमालकावर टाकला तर तिसऱ्या फेरीनंतर होडी मिळणार नाही.

(पडद्यावर: ताणून पाहिलेली शिवण. वहीचे पान.)

वहीत सध्या रकाने आखलेले आहेत: तारीख, पाण्याची खोली, जाळीचा कोन, खोल्यातला माल, आवरणजाळ्यातला माल, कचरा, कासव. नारळी पौर्णिमेनंतर पहिली नोंद होईल. कोन तांडेल मोजणार आहे.