भिंतीवरचे कागद

(दृश्य : पंचायत कार्यालयाची भिंत. नावांवरून खाली सरकणारे बोट.)

बिहारमधल्या या पंचायत कार्यालयाच्या भिंतीवर मतदार यादीतून वगळलेल्यांची नावे लावली आहेत. प्रत्येक नावापुढे कारण आहे : मृत, कायमचे स्थलांतरित, अनुपस्थित, दुबार नोंद. हे कागद लोकांसमोर यावेत यासाठी सर्वोच्च न्यायालयाला 14 ऑगस्ट 2025 रोजी आदेश द्यावा लागला. 1 ऑगस्टला प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे 65 लाख नावे गळाल्याचे कळले होते. परंतु नेमकी कोणाची आणि कशामुळे, हे सर्वांना पाहता येईल अशी यादी जाहीर झालेली नव्हती.

(दृश्य : पाऊस. चिखलाची वाट. काखेत अर्जांचा गठ्ठा घेतलेला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी.)

विधानसभेची निवडणूक अवघ्या काही महिन्यांवर असताना, 24 जूनला निवडणूक आयोगाने विशेष सखोल पुनरीक्षणाचा, म्हणजे मतदार यादी नव्याने तपासण्याचा, आदेश काढला. राज्यात 7 कोटी 89 लाख मतदार होते आणि प्रत्येकाचा अर्ज भरून घेण्यासाठी मुदत होती 25 जून ते 25 जुलै, म्हणजे ऐन पावसाळ्याचा, भातलावणीचा महिना. अर्जावर नाव आणि छायाचित्र आधीच छापलेले असे. ज्यांचे नाव 2003 च्या यादीत होते त्यांना त्या यादीचा उतारा पुरेसा होता. इतरांनी जन्मतारीख किंवा जन्मस्थळ सिद्ध करायचे, 1 जुलै 1987 नंतर जन्मलेल्यांनी आई किंवा वडिलांचाही, आणि 2 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्यांनी दोघांचाही पुरावा द्यायचा होता.

(दृश्य : पत्र्याची पेटी. घडीवर विरलेला कागद उलगडणारे हात.)

या पेटीतून आधार कार्ड निघते, शिधापत्रिका निघते, खुद्द आयोगाने दिलेले मतदार ओळखपत्रही निघते. मूळ आदेशातल्या अकरा कागदपत्रांत यांपैकी एकही नव्हते. जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र आणि पारपत्र मात्र होते. आधारला बारावे कागदपत्र म्हणून स्वीकारा, असा स्पष्ट आदेश न्यायालयाने दिला तो 8 सप्टेंबरला; दावे आणि हरकतींसाठी ठरवलेली 1 सप्टेंबरची तारीख तोवर उलटून गेली होती.

(दृश्य : पुण्यातले बांधकाम. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर गावचा फोन.)

मृतांची आणि दुबार नावे काढलीच पाहिजेत, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. यादीत असलेले नाव काढण्यापूर्वी त्या व्यक्तीला नोटीस द्यावी, तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, ही आपल्या कायद्याची जुनी शिस्त. प्रारूप यादीतल्या नावांना हे संरक्षण आयोगाने मान्य केले होते. पण ज्यांचा अर्ज महिन्याभरात पोहोचला नाही ते प्रारूप यादीतच आले नाहीत, आणि त्यामुळे नोटिशीच्या वाटेलाही लागले नाहीत. पोटासाठी महाराष्ट्रात किंवा पंजाबात आलेला मजूर दाराशी सापडला नाही, म्हणून तो गावचा राहिला नाही असे कसे ठरवायचे? सणाला आणि मतदानाला तो गावीच जातो.

(दृश्य : मतदान केंद्राबाहेरची रांग.)

30 सप्टेंबरच्या अंतिम यादीत सुमारे 7 कोटी 42 लाख नावे होती. 6 आणि 11 नोव्हेंबरला मतदान झाले. यादीत नाव नसेल, तर खिशात ओळखपत्र असूनही मत देता येत नाही.

(दृश्य : पुन्हा तीच भिंत. बोट एका नावावर थांबते. निवेदन नाही.)