पुस्तक मागून उघडा! उद्योग आणि राजकारणावरची पुस्तकं कशी निवडायची?

लाल दिवा लागलाय ना? हं. मागच्या वेळी वीस मिनिटं बोलले आणि रेकॉर्डिंग सुरूच नव्हतं, म्हणून विचारते.

तर, गेले दोन महिने प्रत्येक व्हिडिओखाली एकच मागणी येतेय. "ताई, भारतातल्या उद्योगांवर आणि राजकारणावर चांगली पुस्तकं सांगा. पण निष्पक्ष सांगा." हे 'निष्पक्ष' प्रकरण आपण जरा नंतर घेऊ, कारण त्यावर माझं डोकं फिरतं आणि मग नावं राहून जातात. आधी नावं, एका दमात.

स्वातंत्र्यानंतरचं राजकारण एका जागी हवं असेल तर रामचंद्र गुहांचं 'इंडिया आफ्टर गांधी'. जाड आहे, मराठीतही मिळतं. टाटांसाठी गिरीश कुबेरांचं 'टाटायन'. हर्षद मेहता प्रकरणासाठी देबाशिष बसू आणि सुचेता दलाल यांचं 'द स्कॅम'. वालचंद हिराचंद, घनश्यामदास बिर्ला, कस्तुरभाई लालभाई, जेआरडी, अशा जुन्या पिढीसाठी गीता पिरामल यांचं 'बिझनेस लेजंड्स'. कोणत्या जातीतून, कोणत्या धंद्यातून नवे उद्योजक आले हे समजायचं असेल तर हरीश दामोदरन यांचं 'इंडियाज न्यू कॅपिटलिस्ट्स'. नरसिंह रावांसाठी विनय सीतापती यांचं 'हाफ लायन'. झालं. ज्यांना यादीच हवी होती त्यांनी स्क्रीनशॉट काढून निघालं तरी चालेल, मी रुसणार नाही.

आता जे थांबलेत त्यांच्यासाठी. माझी एक सवय आहे, घरचे तिला खोड म्हणतात. मी पुस्तक मागून उघडते. (पुस्तक हातात घेऊन, शेवटची पानं दाखवत) हे बघा. ऋणनिर्देश. टिपा. सूची. पहिलं प्रकरण वाचायच्या आधी मी ही पानं वाचते. लेखकाला माहिती कुणी दिली, कागद कुणी उघडून दिले, कुणाच्या घरी बसून चहा प्यायला, आभार मानताना कुणाला 'शिवाय हे पुस्तक झालंच नसतं' म्हटलंय, हे सगळं तिथं असतं. आणि कधी कधी नसतं, तेही कळतं.

ही सवय कशी लागली ते सांगते. माझी पहिली नोकरी एका कारखान्यात, हिशेब विभागात. नाव सांगत नाही. कंपनीला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची ठरली आणि 'हिचं मराठी बरं आहे' म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मन लावून जुन्या फायली चाळल्या. त्यात एक मोठा संप होता, काही महिने गेट बंद होतं. मी त्यावर चांगली तीन पानं लिहिली, जुन्या कामगारांशी बोलून. छापून काय आलं माहितीये? "काही अडचणींवर मात करत कंपनीने घोडदौड सुरू ठेवली." तीन पानांचं एक वाक्य! आणि त्या वाक्याखाली मालकांचा घोड्यावर बसलेला फोटो. खोटं सांगत नाही, खरंच घोड्यावर.

तेव्हापासून कुठल्याही उद्योगपतीच्या चरित्रात 'काही अडचणी' दिसल्या की मी पेन्सिलीनं गोल करते. तिथं कुणाची तरी तीन पानं गेलेली असतात.

आपल्याकडे हा प्रकार जरा जास्तच आहे, कारण आपल्याकडे गौरवग्रंथ आहेत. साहेबांची एकसष्टी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन. पुठ्ठा बांधणी, चकचकीत कागद, शंभर जणांचे लेख आणि प्रत्येक लेखात साहेब पहाटे पाचला उठतात. गौरवग्रंथावर माझा राग नाही. तो वाढदिवसाच्या केकसारखा आहे, केक म्हणून खा. पण लोक तो चरित्र म्हणून वाचतात आणि वर मला कमेंटमध्ये संदर्भ म्हणून पाठवतात! "ताई, तुम्ही साहेबांबद्दल चुकीचं बोललात, हे बघा पान अमुक." अरे, ते पान साहेबांच्या संस्थेनंच छापलंय.

दुसरा शब्द बघायचा तो 'शब्दांकन'. उद्योजकाचं आत्मचरित्र म्हणून आपण घेतो आणि आतल्या पानावर बारीक अक्षरात शब्दांकन अमुक तमुक. त्यात गैर काही नाही, कारखाना चालवणाऱ्या माणसानं लेखणी चालवायला बसायची गरज नसते. फक्त त्या पुस्तकात सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा आहे, आणि लिहिणाऱ्यानं किती उलट प्रश्न विचारले हे तुम्हाला माहीत नाही, एवढं लक्षात ठेवून वाचायचं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे आतल्या माणसानं लिहिलेलं वाचूच नये का? वाचा ना! आर. एम. लाला टाटांच्या ट्रस्टचे संचालक होते, पुस्तकावर तसं सरळ लिहिलेलं असतं. त्यांचं जेआरडींवरचं चरित्र १९९२ मध्ये, जेआरडी हयात असताना आलं. त्यात जेआरडींवर कडक टीका शोधायला जाल तर रिकाम्या हातानं परत याल. पण ती जवळीक बाहेरच्याला कुठून मिळणार? आणि 'टाटायन'च्या मुखपृष्ठावरच 'पोलादी उद्यमगाथा' असं लिहिलंय. गाथा! कुबेरांना टाटांबद्दल प्रेम आहे आणि ते लपवत नाहीत. मला हे चालतं. प्रेम लपवून तटस्थपणाचा आव आणणारी पुस्तकं मात्र चालत नाहीत.

बरं, हेच दुसऱ्या बाजूनं दाखवते, कारण मागच्या वेळी एकानं लिहिलं होतं, "ताई, हे सगळं उद्योगपतींचं झालं, राजकारणाची पुस्तकं तर कागदपत्रांवर असतात." असतात का? घ्या १९९१, आर्थिक सुधारणांचं वर्ष.

१९९१ कुणी घडवलं? या एका प्रश्नावर माझ्या कमेंटमध्ये दोन तट पडलेत, राववाले आणि मनमोहनवाले. रोज भांडतात. मला वाटतं त्यांची आता आपापसात ओळख झाली असेल. पण गंमत अशी की दोघं वेगवेगळी पुस्तकं वाचून आलेत. सीतापतींना रावांचे खासगी कागद बघायला मिळाले, त्यामुळे 'हाफ लायन'मध्ये कॅमेरा रावांच्या खांद्यावर आहे. जयराम रमेश तेव्हा काही महिने पंतप्रधान कार्यालयात होते, २०१५ मध्ये त्यांनी 'टू द ब्रिंक अँड बॅक' लिहिलं, तिथं आपण कार्यालयातल्या एका टेबलाशी बसतो. आणि मॉन्टेकसिंग अहलुवालियांचं 'बॅकस्टेज' वाचलं की कळतं, सुधारणांचा एक आराखडा १९९० मध्येच व्ही. पी. सिंगांच्या काळात त्यांनी तयार केला होता. म्हणजे रावही मागे, मनमोहनही मागे, गाडी आधीच फलाटावर उभी!

तिघांतलं खोटं कोण बोलतंय? माझ्या मते कुणीच नाही. ज्याला ज्या खिडकीतून दिसलं, ते त्यानं लिहिलं.

एक प्रसंग सांगते. रुपयाचं अवमूल्यन दोन टप्प्यांत झालं, १ जुलै आणि ३ जुलै १९९१. पहिल्या टप्प्यानंतर गदारोळ झाला, राव कचरले आणि दुसरा टप्पा थांबवा म्हणाले. मनमोहन सिंगांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन केला, तोवर काम उरकलं होतं. आता सांगा, या प्रसंगात शूर कोण? राव डगमगले म्हणाल तर खरं. पण २४ जुलैला, ज्या दिवशी अर्थसंकल्प आला त्याच दिवशी, परवाने मोडीत काढणारं औद्योगिक धोरणही आलं, आणि ते उद्योग खातं रावांनी स्वतःकडे ठेवलं होतं. हेही खरं. एकच पुस्तक वाचणाऱ्याला यातलं अर्धंच मिळतं. आणि मग तो अर्ध्याच्या जोरावर माझ्याशी पूर्ण भांडतो.

म्हणून निष्पक्ष पुस्तक मागू नका. दोन पक्षपाती पुस्तकं मागा, एकमेकांशी न पटणारी. बाबरी प्रकरणी 'हाफ लायन' वाचलंत, तर तेव्हाचे केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांचं 'अपुरा डाव' शेजारी ठेवा. त्यांनी वास्तू ताब्यात घ्यायची योजना आखली होती, ती सरकारनं स्वीकारली नाही, आणि मार्च १९९३ मध्ये ते मुदतीआधी नोकरी सोडून गेले. हे पुस्तक मराठीत आहे, आणि तरी लोक मला विचारतात, "मराठीत काही आहे का?"

(पाणी पिऊन) हां. अजून एकदा तेच, तिसऱ्या बाजूनं. कंटाळलात तर पुढे ढकला.

राजकारण्यांच्या आत्मचरित्रात मी आधी बघते ते पुस्तक कुठल्या साली थांबतं. यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' फार सुंदर आहे, भाषा तर अशी की वाचतच राहावं. पण ते १९४६ पाशी थांबतं. म्हणजे जिथं सत्ता सुरू होते, तिथं पुस्तक संपतं! पुढचे खंड मनात होते, ते लिहून व्हायच्या आतच ते १९८४ मध्ये गेले. संयुक्त महाराष्ट्र, संरक्षणमंत्रिपद, आणीबाणी, यातलं त्यांच्या लेखणीतून त्या मालिकेत काहीच नाही. माझ्या मते मराठी राजकीय वाङ्मयातलं हे सगळ्यात मोठं नुकसान आहे.

आणि शरद पवारांचं 'लोक माझे सांगाती'. २०१५ चं पुस्तक, त्याची सुधारित आवृत्ती २ मे २०२३ ला मुंबईत यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये प्रकाशित झाली आणि त्याच समारंभात त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडायची घोषणा केली. तीन दिवसांत निर्णय मागे घेतला. २ जुलैला पक्ष फुटला. सुधारित आवृत्ती दोन महिन्यांत पुन्हा सुधारायला आली! मी ती प्रत विकत घेतलेली, पावती अजून आत आहे. आता ती वाचताना पुतण्याचा उल्लेख आला की मी आपोआप हळू वाचते.

अजून एक उदाहरण, विनोद राय यांचं. ते 'कॅग' होते, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारे देशाचे महालेखापरीक्षक. त्यांच्या टूजी, म्हणजे मोबाइल स्पेक्ट्रम वाटपावरच्या अहवालात तोट्याचे एकापेक्षा जास्त अंदाज होते, लोकांच्या लक्षात राहिला तो सगळ्यात मोठा, १ लाख ७६ हजार कोटींचा. २०१४ मध्ये त्यांचं 'नॉट जस्ट अॅन अकाउंटंट' आलं. त्या वेळी मुलाखतींत त्यांनी सांगितलं की मनमोहन सिंगांचं नाव वगळण्यासाठी दबाव आणणाऱ्या खासदारांत संजय निरुपम होते. निरुपम कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये राय यांनी बिनशर्त माफी मागितली. पुस्तक खपलं २०१४ मध्ये, माफी सात वर्षांनी. ती माफी किती जणांपर्यंत पोचली असेल? म्हणून पुस्तक संपल्यावर लेखकाचं नाव आणि 'न्यायालय' हे दोन शब्द टाकून एकदा शोधायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

न्यायालयावरून आठवलं. जी पुस्तकं आपल्यापर्यंत येतच नाहीत त्यांचं काय? हमिश मॅकडॉनल्ड यांचं धीरूभाई अंबानींवरचं 'द पॉलिएस्टर प्रिन्स' १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात निघालं, कायदेशीर कारवाईच्या भीतीनं भारतात आलंच नाही. फुटपाथवर चोरट्या प्रती मात्र मिळायच्या. मी माझी प्रत अशीच वाचली, एका मित्राकडून झेरॉक्स, मधली बारा पानं उलटी. २०१० मध्ये 'अंबानी अँड सन्स' नावानं नवं रूप भारतात छापलं गेलं. जितेंद्र भार्गव यांचं एअर इंडियावरचं पुस्तक २०१३ मध्ये आलं, पुढच्याच जानेवारीत प्रकाशकानं माजी हवाई वाहतूकमंत्री प्रफुल्ल पटेल यांची माफी मागून मागे घेतलं. तमाल बंद्योपाध्याय यांच्या सहारावरच्या पुस्तकावर २०० कोटींचा दावा झाला, शेवटी सहाराचा खुलासा आत छापून ते बाजारात आलं. तो खुलासा आवर्जून वाचा. कंपनीला नेमकं काय टोचलं, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे वाचायला मिळणार?

एकानं लिहिलंय, "ज्यावर बंदी ते खरं." नाही हो दादा. दावा झाला म्हणजे पुस्तक खरंच असतं असं नाही. तिथंही मागची पानंच उघडायची.

अनुवादाबद्दल एकच. माझ्याकडच्या दोन मराठी अनुवादांत मूळ पुस्तकातल्या टिपा आणि सूची गाळल्यात. पानं वाचवली असतील, पण मग मी मागून काय उघडू? प्रकाशक मंडळी कुणी बघत असाल तर किंमत पन्नास रुपयांनी वाढवा, पण सूची द्या.

शेवटचा प्रश्न सांगलीहून आलाय: "साखर कारखान्यांवर चांगलं पुस्तक?" १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यातून पुढे या राज्याचं अर्धं राजकारण निघालं. गौरवग्रंथ पोत्यानं आहेत. उसाच्या काट्यापासून निवडणुकीपर्यंत सगळं सांगणारं, मला हवं तसं पुस्तक अजून हाती लागलेलं नाही, म्हणून सध्या मी कारखान्यांचे वार्षिक अहवाल वाचतेय. सभासदांना घरी येतात ते. कुणाच्या माळ्यावर ऐंशीच्या दशकातले असतील तर रद्दीत घालू नका, आधी मला कळवा. टपालखर्च मी देते.