काळं अस्तर, पांढरं अस्तर

[नाकाचा क्लोज-अप. दिवा हळूहळू सरकतो.]

हे टी-३३. नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम २४ सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या विमानाच्या ४८ पट लहान. सगळं प्लॅस्टिक. पत्रा नाही, फॉइल नाही. चमकतोय तो नुसता रंग.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन हवाई दलाची ही प्रशिक्षण विमानं अशी दिसायची: उघडं अॅल्युमिनियम, आणि नाकावर, शेपटीवर, पंखांच्या टोकांच्या टाक्यांवर डोळ्यांत घुसणारा डे-ग्लो, म्हणजे फ्लुरोसंट, नारिंगी. लांबून दिसावं म्हणून. २० मे १९५८ ला मेरीलँडवर एक टी-३३ प्रवासी विमानाला धडकलं आणि १२ माणसं गेली, तो हा काळ.

[टाकीवर पांढरा फवारा]

आधी पांढरं. फ्लुरोसंट रंग अतिनील आणि निळा प्रकाश पितो आणि नारिंगी करून परत देतो, म्हणून तो आजूबाजूच्या रंगांपेक्षा उजळ भासतो. पण अंगाने तो पतंगाच्या कागदासारखा. खालचं सगळं दिसतं. करड्या प्रायमरवर मारला तर थेट विटकरी होतो. पांढऱ्याचे दोन हात, त्यावर फ्लुरोसंट पिवळ्याचा एक, मग नारिंगी-लाल. पाच-सहा हात, सगळे पातळ. घाईने एकच जाड हात दिला की रंग पॅनलच्या रेषांत साचतो आणि कडा पांढऱ्या राहतात.

पडद्यावर दिसतोय तो अर्धाच रंग, हेही सांगायला हवं. या नारिंगीपुढे कॅमेऱ्याचा लाल भरून वाहतो.

[मास्किंग टेप, हाताच्या पाठीवर]

नारिंगी आधी, चांदी नंतर. उलटं केलं तर टेप चांदी उचलून आणू शकते. एक दिवस वाळू द्यायचं. टेप आधी हाताच्या पाठीवर दाबून तिचा चिकटपणा मारायचा, लावल्यावर कडेवर पारदर्शक लॅकरचा हलका फवारा. टेपखाली काही झिरपलंच तर ते पारदर्शक असेल, काळं नाही.

[काळं, चकचकीत धड. त्यात ट्यूबलाइट दिसते.]

आता चांदीखालचं काळं, तेही आरशासारखं. कसोटी समोर दिसतेय: ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाची कड सरळ हवी. कड थरथरली, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा वाटला, तर २००० चा वॉटर पेपर, पॉलिश, पुन्हा काळं. लोक महागड्या चांदीच्या बाटलीला दोष देतात. बिघडलेलं असतं ते इथे. जोडावर लांबी (पुट्टी) भरून ४०० च्या पेपरने घासल्याचा ओरखडा करड्या प्रायमरखाली गप्प बसतो, चांदीखाली बोंबलतो. आणि काळं एनॅमल असून आतून ओलं असेल, तर वरचं लॅकर त्याला सुरकुत्या पाडतं. ४८ तास थांबायचं.

[एअरब्रशचं टोक, अगदी जवळून]

अॅल्क्लॅड ब्रँडचं चंदेरी लॅकर बाटलीतून थेट, थिनर न घालता. दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर ५ ते ७ सेंटिमीटर. ओला हात नाही, धुरळा. काळं मिटत आलं की थांबायचं. पुढचा प्रत्येक हात चमक खातो आणि उरतो नुसता करडा.

चांदीतला कण बारीक का हवा? ५० मायक्रॉनचा कण ४८ पट मोठा केला की जवळजवळ अडीच मिलिमीटर होतो. एवढी भरड खऱ्या पत्र्यावर कुठे दिसते? साध्या चंदेरी रंगात मॉडेल खेळण्यासारखं दिसतं ते यामुळेच.

मुंबई-कोकणात जुलैमध्ये हा फवारा मारू नये. लॅकर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढुरकी साय येते. कॉम्प्रेसरच्या नळीतलं पाणी मॉइश्चर ट्रॅप अडवतो, खोलीतलं नाही. कार्बन फिल्टरचा मास्क आणि हवा बाहेर फेकणारा पंखा, बाराही महिने.

[पॅनल झाकले जातात, उघडतात]

पाच-सहा पॅनल झाकून चांदीची किंचित गडद छटा. जेटच्या तोंडाशी तपकिरी आणि निळ्याची झाक. प्रत्येक पॅनल वेगळा केला की बुद्धिबळाचा पट होतो. प्रत्येक चंदेरी विमान उघड्या पत्र्याचं असतं असंही नाही: दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग या लढाऊ विमानाच्या पंखांवर कारखान्यातच लांबी भरून चंदेरी रंग द्यायचे.

[टेप निघते]

टेप स्वतःवर दुमडून, सावकाश. नारिंगी वाळल्यावर खरखरीत आणि मॅट होतो, म्हणून डिकल, म्हणजे चिकटवायच्या खुणा, लावण्याआधी त्यावर पारदर्शक हात. चांदीवर तो देऊ नये, मंदावते. खरा डे-ग्लो उन्हात लवकर विटायचा, वरच्या बाजूला जास्त. त्यासाठी पांढऱ्यात थोडा नारिंगी मिसळून वरून नुसती वाफ. एक झाकण मात्र तसंच भडक ठेवलंय, नुकतं बदललेलं.

[दिवे बंद. अतिनील टॉर्च.]

चांदी विझते. टाक्या, नाक, शेपटी आणि ते एक झाकण.