टॉवरमागची तार

(दृश्य: सोयाबीनचं वावर. धुऱ्यावर उभा असलेला शेतकरी फोन डोक्याच्या वर धरून बघतोय. लांब, तुरीच्या ओळींपलीकडे टॉवर.)

फोनच्या वरच्या कोपऱ्यात एक इवलंसं अक्षर असतं. आधी ‘जी’ होतं, मग ‘ई’ आलं, मग ‘एच’, पुढं त्याला अधिकचं चिन्ह लागलं, आणि आता 4जी, 5जी. अमरावती, यवतमाळ, गडचिरोलीच्या खेड्यांनी ही सगळी अक्षरं वीस-बावीस वर्षांत बघितली. पण हे अक्षर बोलतं ते फोन आणि टॉवर यांच्यामधल्या हवेबद्दल. टॉवरच्या पायथ्याशी वीज आहे का, टॉवरच्या मागं तार आहे का, हे त्यातून कळत नाही. आणि खेड्यातलं नेट बहुतेक वेळा अडतं ते तिथंच.

(दृश्य: सेवाग्राम आश्रम. जतन केलेला टेलिफोन.)

तारेपासूनच सुरुवात करू. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात एक टेलिफोन जपून ठेवलेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं, म्हणून तो बसवला गेला. खेड्यात फोन आला, तो सरकारला गरज होती म्हणून. हा क्रम पुढंही फारसा बदलला नाही, ते गडचिरोलीत दिसेलच.

बाकी खेड्यांच्या वाट्याला बरीच वर्षं तालुक्याचं पोस्ट आणि ट्रंक कॉलची वाट पाहणं. 1984 मध्ये सी-डॉट ही दूरसंचार संशोधनाची सरकारी संस्था स्थापन झाली. तिनं 128 जोडण्यांचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. त्याचा मोठा गुण असा, की ते एसीशिवाय चालायचं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं पारा 45 च्या वर जातो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको. मग बसस्टँडवर पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आले, रात्रीच्या सवलतीच्या दरासाठी लोक जेवून तिथं रांग लावू लागले, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत गेलेसुद्धा.

(दृश्य: जुना बटणांचा फोन, टॉर्चसकट.)

31 जुलै 1995. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाईलवरून फोन लावला. देशातला हा पहिला मोबाईल कॉल. तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि तिथून मोबाईल खऱ्या अर्थानं गावात शिरला. मिस्ड कॉल नावाची बिनपैशाची भाषाही तेव्हाचीच: एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे गाडी घेऊन ये.

ते होतं 2जी. त्याची रचना बोलण्यासाठीच केलेली. लहरींचा 200 किलोहर्ट्झचा एक पट्टा, त्याचे वेळेनुसार आठ वाटे. एक वाटा टॉवरच्या कारभाराला, उरलेल्या सातांवर सात जण एकाच वेळी बोलणार. आठव्याला ‘नेटवर्क व्यस्त’. या तंत्रात फोनपासून टॉवरपर्यंत जायला लागणारा वेळ मोजून भरून काढावा लागतो, आणि त्या मोजणीची हद्द साधारण 35 किलोमीटरवर संपते. त्यापलीकडचा टॉवर डोळ्यांना दिसत असला तरी नेहमीच्या मांडणीत उपयोगाचा नाही.

पण या जुन्या फोनची एक गोष्ट आजच्या फोनात नाही. 900 मेगाहर्ट्झवर बोलताना तो कमाल 2 वॅट ताकद लावू शकायचा. आजचा 4जी फोन साधारण 0.2 वॅट, म्हणजे दहाव्या हिश्श्याएवढी. ‘माह्या जुन्या डब्ब्याले वावरात रेंज यायची, याले येत नाही,’ ही तक्रार म्हाताऱ्यांची कुरकुर म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तिच्यात तथ्य आहे.

(दृश्य: टॉवरवर चढत जाणारा कॅमेरा. मधोमध ढोलासारखी गोल पांढरी डिश.)

आवाजाच्या या व्यवस्थेवर डेटा नंतर चढवला गेला. ‘जी’ म्हणजे जीपीआरएस. आवाजासाठीचे रिकामे वाटे घ्यायचे आणि त्यांवरून माहितीची पुडकी पाठवायची. प्रत्यक्षात सेकंदाला तीस-चाळीस किलोबिट. ‘ई’ म्हणजे एज. पट्टा तोच, टॉवर तोच, फक्त लहरीच्या एका ठोक्यात एका बिटऐवजी तीन बिट भरायचे. वेग जवळजवळ तिप्पट. मात्र इतकं दाटून भरलेलं टॉवरजवळच नीट वाचता येतं. लांब गेलं की यंत्रणा पुन्हा सावकाश, सुट्टं बोलायला लागते. 5जीपर्यंत हीच युक्ती चालत आली: आज चांगल्या सिग्नलवर एका ठोक्यात आठ बिट जातात, गावकुसाबाहेर दोनच. एकाच टॉवरचं नेट ग्रामपंचायतीजवळ धावतं आणि पांदण रस्त्यावर रांगतं, ते यामुळं.

आता ती पांढरी डिश. गावातला टॉवर बाहेरच्या जगाशी जोडलेला असतो तो बहुतेकदा या डिशमधून. ती समोरच्या टॉवरकडं बघते, तो पुढच्याकडं, तिथून तालुका, मग जिल्हा. 2जीच्या काळात या दुव्याची क्षमता अनेक ठिकाणी सेकंदाला 2 मेगाबिट असायची. आवाजासाठी ती पुरून उरत होती, कारण शंभराहून जास्त कॉल त्यातून आरामात जात.

2010 मध्ये केंद्र सरकारनं 3जीच्या, म्हणजे कोपऱ्यातल्या ‘एच’च्या, लहरींचा लिलाव केला आणि तिजोरीत सुमारे 67,700 कोटी रुपये आले. दुकानात कॉम्प्युटरला नेट देणारे डोंगल आले, खोक्यावर ठळक छापलेलं: 7.2 मेगाबिट. एकटं डोंगल 7.2 मागणार आणि अख्ख्या टॉवरच्या मागं दुवा 2 चा. पाच एचपीची मोटर लावली, पाइपही बदलला, पण विहिरीला झराच बारीक, असा तो मामला. कंपन्यांनी दुवे वाढवले, नाही असं नाही. पण आधी नागपूर, अमरावती, अकोला. खेडी रांगेत शेवटी.

3जीची आणखी एक गंमत होती, तिची चर्चा फारशी झाली नाही. यात सगळे फोन एकाच पट्ट्यावर एकाच वेळी बोलतात, आणि प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याला गोंगाट म्हणून ऐकू येतो. माणसं वाढली की गोंगाट वाढतो, आणि कडेच्या फोनचं बोलणं टॉवरला कळेनासं होतं. म्हणजे गर्दी झाली की टॉवरचा घेर खरोखर आकसतो. आठवडी बाजाराच्या दिवशी गावात हजार-दोन हजार फोन शिरले, की तीन किलोमीटरवरच्या वस्तीची रेंज जाणार. संध्याकाळी बाजार उठला की परत येणार. वस्तीवरच्या माणसाला वाटायचं, बाजाराच्या दिवशी टॉवर मुद्दाम बंद ठेवतात.

(दृश्य: टॉवरच्या पायथ्याशी बॅटऱ्यांची कपाटं, डिझेल जनरेटर.)

आणि वीज. टॉवर चालतो 48 व्होल्टच्या बॅटऱ्यांवर, त्या भरतात महावितरणच्या विजेवर किंवा डिझेलवर. भारनियमनाच्या वर्षांत गावाची लाइट गेली की काही तासांनी टॉवरही झोपायचा. शिवाय पायाचा खर्च. वऱ्हाडातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत टॉवरचा पाया मुरमाच्या जमिनीपेक्षा वेगळा आणि महाग करावा लागतो. वेगाच्या जाहिरातीत यातलं काही नसतं.

(दृश्य: चावडीवर फोनमध्ये डोकं घातलेली पोरं.)

5 सप्टेंबर 2016. जिओ सुरू झालं. त्याआधी एक जीबी डेटाला दोनशे-अडीचशे रुपये मोजावे लागत. दर कोसळले हे सगळ्यांना माहीत आहे. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: या जाळ्यात 2जी नव्हतंच. आवाजसुद्धा डेटा म्हणूनच जाणार. म्हणजे चालू असलेला जुना फोन बाजूला ठेवून नवा घ्यायचा. पुढच्याच वर्षी 1,500 रुपयांच्या अनामतीवर बटणांचा 4जी फोन आला तो हीच अडचण ओळखून.

4जीमध्ये पट्टा 15 किलोहर्ट्झच्या शेकडो बारीक धाग्यांत विभागलेला असतो, आणि कोणाला किती धागे द्यायचे हे टॉवर दर मिलिसेकंदाला ठरवतो. बाजाराच्या दिवशी घेर तितका आकसत नाही, वाटे लहान होतात. लांबच्या खेड्यापर्यंत पोचते ती 800-900 मेगाहर्ट्झची लांब पल्ल्याची लहर, पण कंपन्यांकडं तिचा पट्टा अरुंद. 5 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून, दोन-दोन अँटेना धरून, कमाल वेग निघतो सुमारे 37 मेगाबिट, आणि तो त्या दिशेच्या सगळ्या गावात वाटला जाणार. रात्री नऊला, क्रिकेटचा सामना चालू असताना, काय उरत असेल याचा हिशेब करून बघा.

3जीचं काय झालं? ते मधल्यामध्ये गेलं. 2019 मध्ये एअरटेलनं कोलकात्यापासून 3जी बंद करायला सुरुवात केली आणि त्या लहरी 4जीला दिल्या. 2जी मात्र अजून जिवंत आहे, साध्या फोनमुळं आणि ओटीपीमुळं.

(दृश्य: पुन्हा वावर. फोनच्या पडद्यावर गोल फिरणारं चिन्ह.)

15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपमधून चढवायचा. सातबाऱ्यावरची नोंद त्यावर, पुढची मदत त्या नोंदीवर. आतापर्यंत सगळ्या जाहिराती डाउनलोडच्या होत्या, इथं गरज उलट्या दिशेची आहे. टॉवर वीस-चाळीस वॅटनं बोलतो, फोन 0.2 वॅटनं. फोनला टॉवर स्पष्ट ऐकू येतो, काड्या दिसतात, पण फोनचं म्हणणं टॉवरपर्यंत पोचत नाही. ‘काड्या हायेत नं बाप्पा, मंग हे गोल गोल काऊन फिरून रायलं?’ याचं उत्तर एवढंच, की त्या काड्या टॉवरच्या आवाजाच्या आहेत, तुमच्या नाहीत. त्यावर शेवटच्या तारखेची झुंबड. डेटा स्वस्त झाला तसं सरकारनं गावाचा कारभार फोनवर ढकलला, पण शिवाराच्या टोकाची रेंज मोजायला कोणी फिरलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: मेळघाट. सेमाडोहचा रस्ता, पावसाळ्यातला साग.)

मेळघाटात तर झाडंही या हिशेबात येतात. ओली, रुंद पानं लहरी शोषतात, आणि लहर जितकी उच्च तितकी जास्त. सागाची पानगळ झालेल्या फाल्गुन-चैत्रातली रेंज आणि श्रावणातली रेंज सारखी नसते. वर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल: फायबरच्या तारेसाठी चर खणायचा तर वनसंवर्धन कायद्याची परवानगी आधी. याच रस्त्यावरचं हरिसाल राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘डिजिटल व्हिलेज’ म्हणून पुढं आणलं होतं. टीव्हीच्या रिकाम्या, लांब जाणाऱ्या लहरी वापरायचा तिथला विचार तांत्रिकदृष्ट्या चांगलाच होता. पण 2019 च्या लोकसभा प्रचारात हरिसालच्या दाव्यांवर भर सभेत व्हिडिओ दाखवले गेले, आणि गाव जिल्ह्यापेक्षा राजकारणात जास्त ओळखीचं झालं.

(दृश्य: गडचिरोली. पोलीस मदत केंद्राच्या आवारातला टॉवर.)

गडचिरोलीत मोबाईल बऱ्याच ठिकाणी आला तो सुरक्षेच्या निमित्तानं. 2014 मध्ये केंद्रानं नक्षलग्रस्त भागांसाठी टॉवरची योजना मंजूर केली. दहा राज्यांत दोन हजारांहून अधिक टॉवर, बीएसएनएलचे, सगळे 2जी. तार नसल्यानं अनेकांचा दुवा थेट उपग्रहाशी. बोलणं व्हायचं, नेट नावापुरतं. त्यातले 2,343 टॉवर 4जी करायचा निर्णय एप्रिल 2022 मध्ये झाला. म्हणजे शहरात 5जीचे वेध लागलेले असताना इथं 2जीवरून थेट 4जीवर उडी. 3जी हे अक्षर काही गावांनी पाहिलंच नसेल.

(दृश्य: नागपूर, झिरो माइल. मग मोबाईलचा पडदा.)

1 ऑक्टोबर 2022 ला देशात 5जी सुरू झालं. एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत नागपूर होतं. 3.5 गिगाहर्ट्झच्या आसपासचा 100 मेगाहर्ट्झपर्यंत रुंद पट्टा, एका फलकात 64 अँटेना, झोत थेट फोनच्या दिशेनं. वेग दांडगा, पल्ला आखूड. आणि कोपऱ्यातल्या अक्षरावर आता पूर्ण भरवसाही ठेवता येत नाही. 4जीचा आधार घेऊन चालणाऱ्या 5जीमध्ये काही फोन नुसता तसा टॉवर दिसला तरी 5जी लिहून मोकळे होतात.

अशा टॉवरला जुनी डिश पुरत नाही, फायबर लागतं. तेच खेड्याचं जुनं दुखणं. 2011 मध्ये मंजूर झालेली आणि पुढं भारतनेट नाव मिळालेली योजना अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायला निघाली. तार एका सरळ रेषेत, गावामागून गाव. रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीनं मध्ये कुठं घाव घातला, की पुढची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट 2023 मध्ये 1,39,579 कोटींचा सुधारित आराखडा मंजूर झाला, त्यात रेषेऐवजी रिंग आहे. एका बाजूनं तुटली तर दुसऱ्या बाजूनं माहिती यावी.

कागदावर ही सगळ्यांत शहाणी सुधारणा आहे. पण गडचिरोलीतल्या भामरागडला मुख्य वाट येते आलापल्लीकडून, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की तीही बंद पडते. रिंग पुरी करायची तर दुसरी तार एटापल्लीच्या जंगलातून आणावी लागणार. तिथं पुन्हा वनखात्याची परवानगी, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे रपटे, आणि काम करायला मिळणार ते दिवाळीपासून उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत.