तुरुंगाच्या धाकानं केलेली सही

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातली ही गोष्ट. एक तरुण. नशेच्या आहारी गेलेला, त्यातच एका फौजदारी प्रकरणात सापडलेला. तुरुंग टाळायचा तर व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पुरा करायचा, असा मार्ग त्याच्यापुढे आला आणि तो ‘टीन चॅलेंज’ या ख्रिस्ती संस्थेच्या केंद्रात दाखल झाला. डेव्हिड विल्करसन या धर्मोपदेशकानं न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या कामातून ही संस्था वाढली. दाखल होताना त्यानं कागदांवर सह्या केल्या. त्यांतला एक करार असा होता, की पुढे वाद झालाच तर तो कोर्टात न्यायचा नाही, ख्रिस्ती पद्धतीच्या सलोख्यानं आणि लवादानं, म्हणजे कोर्टाबाहेरच्या खाजगी पंचांच्या निवाड्यानं, मिटवायचा.

केंद्रातून बाहेर पडल्यावर अमली पदार्थांच्या अतिसेवनानं तो गेला. संस्थेनं काळजी घेतली नाही म्हणून आईनं दावा लावला. 2013 साली फ्लोरिडाच्या अपील न्यायालयानं तिला सांगितलं, की करार मुलानं केलेला आहे, दावा त्याच्या वतीनं आहे, तेव्हा तो करार तुम्हालाही बंधनकारक आहे. लवादाकडे जा.

या लवादाच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं आहे, की पक्षकारांनी दाखवून दिलेले कायदे विचारात घेतले जातील, पण सर्वोच्च अधिकार बायबलचा राहील. मूल गमावलेली बाई निष्काळजीपणाबद्दल दाद मागते आहे, आणि निवाडा कायद्यानं नव्हे, धर्मग्रंथानं होणार. मला हे कितीही वेळा वाचलं तरी पटत नाही.

लवाद म्हणजे वाईटच, असं मी म्हणत नाही. दोन व्यापारी, दोघांचे वकील, दोघांना अटी ठाऊक, अशांनी लवाद नेमला तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात. अमेरिकेचा 1925 चा लवाद कायदा व्यापाऱ्यांच्या अशा करारांसाठीच आणला गेला. एका धर्माच्या माणसांनी राजीखुशीनं आपल्या वडीलधाऱ्यांपुढे भांडण मिटवलं, तर त्यातही गैर काही नाही. पण बंधनकारक लवादाचा निवाडा एकदा झाला, की कोर्टाला त्यात फारसा हात घालता येत नाही. लाचलुचपत, उघड पक्षपात, अधिकाराबाहेर जाणं, अशा मोजक्याच कारणांवर तो रद्द होतो. लवादानं कायदा चुकीचा लावला, एवढ्यावरून तो रद्द होत नाही. कर्जाच्या फॉर्मवर एजंटानं पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवलेल्या असतात आणि आपण तिथे भराभर सह्या करतो, तेव्हा आपणही कधी कधी असंच कलम मान्य करत असतो. फरक इतकाच, की आपल्या पाठीमागे तुरुंगाचं दार उघडं नसतं.

आणि गंमत नव्हे, खंत अशी, की जबरदस्तीचा प्रश्न अमेरिकेच्या न्यायालयांना नवा नाही. 1996 साली विस्कॉन्सिनमधल्या एका कैद्याच्या दाव्यात सातव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या एका विभागाच्या, केंद्रीय अपील न्यायालयानं ठरवलं, की ईश्वरशक्तीवर भर देणाऱ्या व्यसनमुक्तीच्या सभांना बसायची सक्ती सरकार करू शकत नाही. 2007 साली हवाईतल्या एका पॅरोलवर सुटलेल्या बौद्ध धर्मीय माणसाच्या प्रकरणात नवव्या सर्किटनं हेच ठणकावलं. मिशिगनमध्ये ड्रग कोर्टानं, म्हणजे आरोपींना तुरुंगाऐवजी व्यसनमुक्तीकडे वळवणाऱ्या न्यायालयानं, एका कॅथलिक तरुणाला पेंटेकोस्टल या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या केंद्रात धाडलं होतं. तिथे त्याची जपमाळ आणि प्रार्थनेचं पुस्तक काढून घेतलं गेलं. दुसरीकडे पाठवा, अशी विनंती त्यानं केली, आणि शेवटी तो तुरुंगात गेला. म्हणजे धर्मश्रद्ध माणसालाही यातून सुटका नाही. देव मानणाऱ्यावर दुसऱ्याच्या पद्धतीचा देव लादला जातो.

सरकारनं सक्ती केली तर राज्यघटना आड येते. पण तीच गोष्ट ‘खाजगी करार’ म्हणून समोर आली, की न्यायाधीश सही बघतात. सही कुठल्या परिस्थितीत झाली, हे मागे पडतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे. ज्या माणसाला न्यायव्यवस्थेनं त्या दारात उभं केलं, त्याची संमती ही दोन व्यापाऱ्यांची संमती नव्हे. न सही करावी, तर कोठडी.

श्रद्धेनं माणसं व्यसनातून सुटतात, हे मी मानते. प्रार्थनेनं सावरलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. म्हणूनच वाटतं, चांगलं काम करणाऱ्या संस्थेला कोर्टाचं भय का असावं?

हे बदलता येतं. लैंगिक अत्याचार आणि छळाच्या तक्रारींत सक्तीचा लवाद लादता येणार नाही, असा कायदा अमेरिकेनं मार्च 2022 मध्ये केलाच आहे. कोर्टानं पाठवलेल्या माणसांसाठीही तसा अपवाद करावा. तोवर निदान न्यायाधीशानं आदेश देताना धर्मनिरपेक्ष केंद्राचा पर्याय खुल्या कोर्टात सांगावा. आणि केंद्राच्या कोणत्याही कागदावर सही केली तरी या कोर्टात येण्याचा तुझा हक्क जात नाही, हे त्याच आदेशात लिहून द्यावं.