करपा: डाग दिसण्याआधीचे काही तास

नमस्कार, श्रोतेहो. भातावरचा करपा कोकणातल्या किंवा पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याला नव्यानं सांगायला नको. पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी असे डाग पडतात. पुढे लोंबीची मान काळी पडते आणि दाणा भरत नाही. मला बोलायचंय ते डाग दिसण्याआधीच्या तासांबद्दल. करपा घडवणाऱ्या बुरशीला अडवायची खरी वेळ तीच.

बुरशीचा बीजाणू ओल्या पानावर चिकटतो आणि दोनेक तासांत त्याला कोंब फुटतो. खालचा पृष्ठभाग कठीण आहे, मेणचट आहे, हे कोंबाला कळतं. ही खबर पेशीत दोन वाटांनी पोचते. एका वाटेवर सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू असतो. दुसरीवर एक किनेझ प्रथिन पुढच्याला फॉस्फेट जोडून जागं करतं, ते त्याच्या पुढच्याला. शेवटचं पीएमके-१. ते जागं झालं की कोंबाचं टोक फुगून घुमटासारखी पेशी तयार होते. तिच्या भिंतीत मेलॅनिनचा काळा थर बसतो, आत ग्लिसरॉल साठतं, पाणी ओढलं जातं आणि दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या ८० पटींपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळजवळ चाळीसपट! त्या जोरावर बारीक खुंटी पानात घुसते.

पीएमके-१चं जनुक काढून टाकलेली बुरशी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढते, पण पानात शिरत नाही. पानाला जखम करून वाट मोकळी करून दिली, तरीही रोग होत नाही. हे १९९६ मध्येच दिसलं होतं. असं का, ते २०१८ मध्ये एक्झेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी उलगडलं. विशिष्ट रसायन दिलं की बंद पडेल असं पीएमके-१ त्यांनी बुरशीत घडवलं आणि ती भातात शिरल्यावर ते बंद केलं. बुरशी पहिल्याच पेशीत अडकली! पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून शेजारी जाण्यासाठी तिला अंग बारीक करावं लागतं, आणि तेही पीएमके-१च घडवून आणतं. किती सुंदर प्रयोग आहे हा!

आपल्याकडे फवारलं जाणारं ट्रायसायक्लॅझोल मेलॅनिन बनू देत नाही. मग ग्लिसरॉल गळतं आणि दाब चढत नाही. मात्र ते बुरशीला मारत नाही, त्यामुळे ती आत शिरल्यावर फवारून फारसा उपयोग नाही.

थेट पीएमके-१ बंद करणारं औषध हवं, असं मला मनापासून वाटतं. अडचण एवढीच, की तशीच किनेझ आपल्याही पेशींत आहेत. फक्त बुरशीच्याच किनेझला धरील असा रेणू शोधणं, हे खरं अवघड काम अजून बाकी आहे.